लांब सोडा

शहराच्या कडेला डोंगराखाली आमचा सातारा परिसर आहे; तिथल्या आमच्या गल्लीत साप निघाला की पहिली पाच मिनिटं पळापळ चालते आणि पुढची पंचवीस मिनिटं सल्ले चालतात. त्या श्रावणात साप माझ्याच घरी निघाला. मागच्या पॅसेजमध्ये धुतलेले कपडे काढायला वाकले, तर वॉशिंग मशीनच्या मागून कुकरची वाफ निघावी तसा आवाज यायला लागला. मशीन तर केव्हाच बंद झालं होतं.

मी ओरडत बाहेर आले आणि सगळी गल्ली जमा झाली. आमच्या सोसायटीचे चेअरमन काकासाहेब काठी घेऊन धावत आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. कुणी म्हणालं रॉकेल शिंपडा, कुणी म्हणालं मीठ टाका. मी शाळेत विज्ञान शिकवते. सापांबद्दलचे गैरसमज हा धडा दरवर्षी घेते. तरी त्या दिवशी मी मिठाचा डबा हातात धरून उभी होते. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी कुणीतरी सर्पमित्राला फोन लावला. अतुल त्याचं नाव. तिशीचा पोरगा, कारखान्यात नोकरीला, आणि सुटीच्या वेळात फुकट साप पकडणारा. त्यानं आकड्यानं हळूच मशीनमागून साप ओढला आणि पिशवीत घेतला. घोणस होती, चांगली जाडजूड. तिला मारलं नाही हे बरं केलं, असं तो म्हणाला. ही इथलीच आहे, तुमच्या मागच्या डोंगराच्या ओढ्यातली. उंदरामागं आत आली. दोनशे पावलांवर त्याच ओढ्यात सोडतो, तुम्ही फक्त मशीनमागचा पसारा काढा.

गल्ली एका सुरात नको म्हणाली. श्रावण होता, म्हणून बायकांनी पिशवीला हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच बजावलं की इथं सोडायचं नाही. आमची ही रीतच आहे. मारायचं नाही, पाप लागतं. जवळ राहू द्यायचं नाही, भीती वाटते. नमस्कार करायचा आणि धाडून द्यायचं. साप अनोळखी जागी नेला तर तो बिथरतो, आसरा शोधत कुठंही शिरतो, असं अतुल सांगत होता, ऐकतंय कोण? मी तर त्याच्या मोटरसायकलचं हँडलच धरलं. म्हणाले, "लांब सोड रे बाबा. लई लांब. पार शहराच्या बाहेर."

तो बरं म्हणाला आणि पैठण रोडला लागला. आम्ही माझ्याच अंगणात बसून चहा घेतला. काकासाहेबांनी काठी कशी नेमकी रोखून धरली होती, ते त्यांनीच दोनदा सांगितलं.

बिडकीनच्या पुढं आमची अडीच एकर मोसंबी आहे. मी दर रविवारी जाते. बाकीचे सहा दिवस बागेवर बिल्किसची नजर असते. आमच्या बांधाला लागून तिचा अर्धा एकर, आणि त्यात दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ते घर तिच्या नावावर आहे, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, कारण भिंतीची वीट न् वीट तिनं ब्लाउज शिवून उभी केली आहे. बिडकीनमधल्या निम्म्या बायका तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं कापड देत नसत. नवरा शौकत पाचोडच्या बाजारात फळं विकतो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी बिल्किस शेळ्यांसाठी कडबा काढायला गेली. गंजीत हात घातला आणि घोणस चावली. शौकतनं शेजारच्या जीपमधून तिला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अठरा दिवस ती तिथं होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट काढावं लागलं आणि अंगठा वाकेनासा झाला. घरी आल्यावर तिनं शिलाई मशीनवर चादर टाकली.

मी भयंकर चिडले होते. शौकतवर चिडले, कारण गंजी घराला चिकटून रचली होती. रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून सरपंचावर चिडले. साप तर भर दुपारी चावला होता, तरी चिडले. चिडायला मला कधी कारण कमी पडत नाही.

शौकतनं मात्र ठरवून टाकलं होतं. शहरात, छावणीत, त्याच्या भावाच्या घरावर एक खोली रिकामी होती, तिकडं जायचं. बिल्किस म्हणे, घर सोडून मी कुठंच यायची नाय. पंधरा दिवस दोघांत धड बोलणं नव्हतं. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, एखादा जाणकार माणूस येऊन जागा बघू दे. तो राहा म्हणाला तर राहा, नको म्हणाला तर जा. दोघांनी मान्य केलं. माझ्या ओळखीचा जाणकार एकच होता.

पुढच्या रविवारी अतुल आला. आमच्या शेताकडं वळायच्या आधी एक छोटा पूल लागतो, तिथं माझी वाट पाहत उभा होता. मी गाडीतून उतरले, तर स्वारी खुशीत.

"ही तं माझी नेहमीची जागा हाय, ताई," तो म्हणाला. "तुमची घोणस इथंच सोडली व्हती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी त्याचा दंड धरून त्याला वळणापर्यंत नेलं आणि बोट दाखवलं. मोसंबीच्या मागं बिल्किसचा निळा ड्रम दिसत होता, तारेवर कपडे वाळत होते. पुलापासून दीडशे पावलं असतील. तो बघत राहिला. म्हणाला, रस्त्यावरून नुसती झाडंच दिसतात. या वर्षात किती सोडले, विचारलं. त्यानं बोटांवर मोजायला घेतलं आणि दोन्ही हात संपल्यावर मोजणं सोडलं.

मग मी त्याची अशी काही खरडपट्टी काढली की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर थांबला. शहर संपलं की माणसं संपतात का? झाड दिसलं की जंगल का? इथं बाया गवत कापतात, पोरं उघड्या पायांनी शाळेत जातात, ते काय सापांसाठी मोकळं मैदान करून ठेवलंय? तुला तर सगळं कळत होतं, मग गल्लीचं ऐकलंस कशाला?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "नाय ऐकलं तं लोक पुढल्या टायमाला फोन करत नाय, ताई. काठी घेतात. मी मागच्या ओढ्याचंच म्हणत व्हतो. हँडल तुम्ही धरलं व्हतं."

माझी दया आली असेल, म्हणून त्यानं वर एक वाक्य टाकलं: चावली ती तीच असेल असं नाही, घोणस शेतात असतेच. ते वाक्य मी झडप घालून पकडलं. पुलापासून बिल्किसच्या दारापर्यंत तेवढंच मनात घोळवत गेले. वर्गात एखाद्या पोरानं अशी पळवाट काढली असती, तर मी त्याला तासभर बाकावर उभं केलं असतं.

बिल्किसनं चहा आणला, डाव्या हातानं, एकेक कप करून. अतुलनं घराभोवती फिरून पाहिलं. गंजी लांब न्या, खाली लाकडं टाकून उंचावर रचा, हात घालायच्या आधी काठीनं हलवा, कोंबड्यांचे दाणे घरात ठेवू नका. बोलत होता नीट, पण माझ्याकडं बघत नव्हता. शौकतनं सगळं ऐकलं आणि मग मुद्द्याचं विचारलं.

"तुम्ही जाणकार हाव. सांगा, राहावं का इथं?"

अतुलनं आता माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसले असते तर तो राहा म्हणाला असता, आणि बिल्किसला तेच हवं होतं. पण ज्या बाईचं बोट गेलं, तिला अर्धीच गोष्ट सांगून तिच्या घरचा चहा प्यायचा, हे माझ्यानं होईना. मी सांगितलं. वॉशिंग मशीन, हात जोडणाऱ्या बायका, हँडल, सगळं.

शौकत उठला. सामान बांध, एवढंच तो बिल्किसला म्हणाला, आणि तेही हळू आवाजात. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बिल्किस जागची हलली नाही.

"लई लांब म्हंजे किती, भाभी?" तिनं विचारलं. "तुम्ही तं दर ऐतवारी येता इथं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मी नाय जायची," ती शौकतला म्हणाली. "गलती यांच्या गल्लीची, मंग घर मी का सोडू?" मग माझ्याकडं वळली. "पुढल्या पावसात तुमच्याकडं परत निघंल. तवा हे भाऊ त्याला तुमच्या घरामागं सोडतील, ओढ्यात. गल्लीला तुम्ही सांगायचं, आतापासून. इकडं एक बी यायला नाय पायजे. कबूल?"

अतुल लगेच कबूल म्हणाला.

सकाळपासून सगळ्या जगावर खवळलेली मी. पण माझ्या डोळ्यांसमोर माझा मागचा पॅसेज आला, आणि तोंडातून 'पण' निघाला. अर्धाच. बिल्किसनं तो ऐकला, आणि माझ्या 'कबूल'ची वाट बघत ती तशीच उभी राहिली.