पोरगी हलली

"काका, एक्स-रे राहू द्या. मी यावरच बघते," डॉ. मेश्राम म्हणाल्या, आणि एक्स-रेची कॅसेट घेऊन आलेला टिकाराम पटले दारातच थांबला.

यंत्र सोनोग्राफीचं होतं, गरोदर बायांना तपासायचं. टेबलाजवळ बसली होती ती सहा वर्षांची आचल. धानाच्या रोवण्याच्या चिखलात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, घसरून पडली होती आणि मनगट सुजून टम्म झालं होतं. पोटातलं बाळ बघायच्या यंत्रावर आता हाडं बघणार! उद्या दातही बघतील, टिकाराम मनात म्हणाला. तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात चोवीस वर्षं त्याने एक्स-रे काढले होते. कुडव्याहून रोज मोटारसायकलने यायचा, कधी खाडा केला नाही. निवृत्तीला दोन महिने उरले असताना नागपूरहून शिकून आलेली ही पोरगी त्याला घरी बसवायला निघाली होती. राग येणारच.

डॉक्टरांनी आचलला आईच्या मांडीवर बसवलं, हात उशीवर ठेवला आणि सुजेवर भरपूर जेली ओतली.

"गारगार लागते व माय," आचल म्हणाली आणि चक्क हसली.

टिकारामचा राग तिथेच ओसरला. मोडक्या हाताचं पोर तपासताना हसलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याच्या खोलीत पोरं किंचाळायची. आधी तळवा सपाट ठेवायचा, मग तोच हात आडवा वळवायचा, कारण दोन बाजूंनी फोटो लागतो. मोडलेला हात वळवताना पोराच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही सवय त्याने स्वतःला लावून घेतली होती.

"हलू नको बाई, हलली का फोटो बिघडते," आचलची आई तिला दटावत होती.

"हललं तरी चालतं याला," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावरच्या पांढऱ्या रेघेत एक खाच दिसत होती. "हे बघा, इथे मोडलंय. सरकलेलं नाही. प्लास्टर केलं की झालं."

"बापा, किती सोपं हाये! माया एक्स-रे त दोनदा काढा लागला होता. याच दवाखान्यात, नऊ वर्षांची होती मी. हलली म्हणून मायनं एक ठेवून देली होती." आचलची आई हसतच सांगत होती.

टिकारामने केसपेपरवर पाहिलं. आईचं नाव रचना. ते बघायचीही गरज नव्हती. सतरा वर्षांत तो हजारो हात विसरला होता, हा एक सोडून.

त्या दिवशी खूप गर्दी होती. दोन्ही फोटो काढून तो अंधाऱ्या खोलीत गेला, कॅसेट उघडली, तर आत फिल्मच नाही. भरायलाच विसरला होता. आणि पोरगी तर लाकडासारखी बसली होती, वेणीची रिबीन दातांत दाबून. बाहेर येऊन खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नोकरीची धास्ती होती, बाहेर वीस माणसं खोळंबली होती, आणि तोंडातून निघून गेलं, "पोरगी हलली. परत काढा लागते." आईने तिथल्या तिथे पोरीच्या कानशिलात लगावली. मग त्याने तोच मोडका हात पुन्हा वळवला. या वेळीही ती हलली नाही. त्या खोट्याबद्दल त्याला स्वतःची लाज वाटायची, अजूनही वाटत होती. पण लाज वाटून त्या पोरीला काय मिळालं होतं?

प्लास्टर झालं. मायलेकी निघाल्या तसा टिकाराम मागोमाग गेला.

"बाई, थांब जरा. तू नव्हती हलली त्या दिवशी. मीच फिल्म टाकाले विसरलो होतो. अन् तुयावर ढकललं."

रचनाने त्याच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा कुठे ओळखलं. तिचं हसू गेलं.

"मले मालूम हाये, साहेब. मी त श्वास बी नव्हती घेऊन राहिली."

"मग मायले सांगाचं ना."

"सांगतलं ना, घरी जाताना. त माय म्हणे, एवढा शिकलेला साहेब खोटं कायले बोलन? अन् आणखी एक देली." मग ती म्हणाली, "माय बाहेरच बसली हाये. तिले सांगता का?"

दुसऱ्या चापटीचा त्याला पत्ताच नव्हता. सतरा वर्षं तो एकाच चापटीचं ओझं वागवत होता.

नाही म्हणता आलं असतं. पेशंट खोळंबलेत, नंतर बघू, असं काहीही. सबबी त्याला नव्या नव्हत्या. तो व्हरांड्यात गेला.

रचनाची आई मंदाबाई बाकावर दाटीत बसली होती. तिचे कान केव्हाच गेले होते, हे त्याला पहिल्या वाक्यालाच कळलं.

"काय म्हंता?"

तो मोठ्याने बोलला. तिने मान हलवली, ऐकू आलं नाही. तेव्हा टिकाराम तिच्यापुढे वाकला आणि ओरडला, "तुयी पोरगी हलली नव्हती! मी खोटं बोललो होतो! फिल्म मीच टाकली नव्हती!"

व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. केसपेपरच्या खिडकीतल्या बाबूनेही डोकं बाहेर काढलं.

मंदाबाई शिव्या देईल, असं टिकारामला वाटलं. दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण तिने रचनाचा हात ओढून तिला शेजारी बसवलं आणि बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात विचारलं, "कोन्या गालावर मारली होती व मी?"

"जाऊ दे ना माय. एवढ्या वर्सांचं कोनाले याद राहते?"

पण बोलता बोलता रचनाचा हात डाव्या गालाकडे गेला होता. मंदाबाईने तो हळूच बाजूला केला आणि तिथे आपला तळवा ठेवला. आचल आपलं ओलं प्लास्टर सांभाळत दोघींकडे बघत होती. टिकाराम अजून तसाच वाकून उभा होता. त्याला कोणी जा म्हणालं नाही, थांब असंही कोणी म्हणालं नाही.