शेजार

ती त्याच्या दुकानात पहिल्यांदा आली ती हेच म्हणत, "तुमच्याकडचा सगळ्यात टाकाऊ टीव्ही दाखवा." तो टीव्ही दुरुस्त करायचा. अशी मागणी त्याने जन्मात ऐकली नव्हती, त्यामुळे बाई थट्टा करतेय असंच त्याला वाटलं. पण तिने खरोखरच कोपऱ्यातला एक डबा निवडला. त्याचं चित्र अंधूक होतं आणि रंग एकमेकांत मिसळत होते. तिने पिशवीतलं यंत्र त्याला जोडलं आणि भर दुपारी दुकानातल्या त्या पडद्यावर संध्याकाळ झाली.

ती व्हिडिओ गेममधली चित्रं प्रोग्राम लिहून काढायची. तेव्हा एका खोलीत तीन माणसं मिळून अख्खा गेम करत. यंत्राला ठाऊक होते सोळा रंग, आणि त्यांत केशरी नव्हताच. मग हिने काय करावं? एक लाल ठिपका, त्याला खेटून एक पिवळा, पुन्हा लाल, पुन्हा पिवळा. जुन्या टीव्हीवर ते एकमेकांत पसरले की डोळ्याला केशरी दिसायचं. याला ती 'शेजार' म्हणायची. जमलं तर "शेजार बसला", बिघडलं तर "शेजारी भांडले". खोलीतले बाकीचे दोघं तिलाच शेजारीणबाई म्हणू लागले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिने भरून दाखवलं. मूठभर मेमरीत तिने ढग, नदी आणि मावळतं ऊन बसवलं. त्या गेममध्ये होडी वेळेत घरी न्यायची असायची, आणि खेळणारे ती मध्येच थांबवून आकाश बघत बसायचे. हरायचे, पण बघायचे.

तो डबा ती उसना घेऊन गेली, आणि टीव्हीवाला तो परत मागायला रोज तिच्याकडे जाऊ लागला. डबा काही परत आला नाही. वर्षभराने तोच तिकडे राहायला गेला.

पुढे तिने तीस वर्षं पडद्यावर पाणी, धूर, सावल्या केल्या. तिच्या युक्त्या इतरांनी उचलल्या आणि त्यांच्याही पुढे नेल्या. एकेका गेमवर दोनदोनशे माणसं राबू लागली, आणि एक दिवस ती शांतपणे निवृत्त झाली. नंतरच्या कामांत तिच्या एकटीचं असं काही नव्हतं. ती संध्याकाळ मात्र पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत तिची होती.

म्हणूनच एका नव्या कंपनीने तो जुना गेम आजच्या पडद्यांवर आणायचं ठरवून तिला बोलावलं, तेव्हा ती ठेवणीतला चष्मा लावून गेली. पडदा आरशासारखा लख्ख होता. त्यावर तिचं आकाश उघडलं, आणि त्याला गोवर उठला होता. नुसते लाल-पिवळे ठिपके, एकेक सुटा दिसणारा. केशरीचा पत्ता नाही.

कंपनीची प्रमुख तिच्या मुलीच्या वयाची होती. ती ओशाळून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. आम्ही मागे नवं आकाश लावतो. होडी तुमचीच राहील."

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

घरी येऊन ती चपलांसकट खुर्चीत बसली. "अहो, माझं आकाश काढून टाकतायत," एवढंच म्हणाली.

तीन दिवस तिने प्रोग्राम बदलून ठिपके पसरवून पाहिले. थोडे पसरले तर गोवर जाईना, जास्त पसरले तर सगळा चिखल. नाकी नऊ आले. चौथ्या सकाळी तो चहा घेऊन आला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत त्याने ऑपरेशन वर्षभर टाळलं होतं. पडद्यावर तेच उघडंवाघडं आकाश होतं.

"झालं की गं! तीच संध्याकाळ."

"अहो, ठिपके दिसत नाहीत का तुम्हाला?"

"कुठले ठिपके?"

आधी ती चिडली. तिला वाटलं, हा समजूत काढतोय. मग कप तिच्या हातातच राहिला: त्याचा मोतीबिंदू जुन्या डब्यासारखाच ठिपके पसरवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिने त्याला खुर्चीत बसवलं. एक लाल ठिपका काढला, एक पिवळा. दोघांना हळूहळू लांब नेत ती विचारत राहिली, "आता एक की दोन?"

"एकच. अजून एकच. हां, आता दोन. आणि पिवळा जास्त सांडतो बघ. उजळ रंग नेहमीच जास्त सांडतो. जुन्या डब्यांतही तसंच व्हायचं. तिथे तर आडवाच जास्त सांडायचा, उभा कमी."

"हे आधी नाही सांगितलंत!"

"तू विचारलंस कधी?"

ती तीन दिवस सगळे रंग सारखेच पसरवत होती, चारी बाजूंनी. आता तिने उजळ रंग जास्त पसरवला, मंद कमी, आणि दोन्ही आडवेच जास्त. दुपारपर्यंत शेजार बसला. शुक्रवारी प्रमुखबाईंनी नदीत होडी थांबवली आणि बराच वेळ पुढे नेलीच नाही. मग म्हणाल्या, "आकाश राहू दे."

"आता तुमच्या मोतीबिंदूचा उपयोग संपला," असं म्हणत तिने त्याला पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दोन्ही बरे झाल्यावर तो तिच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसला.

"तुझी संध्याकाळ लाव. आणि ते पसरवणं बंद कर."

"कशाला? गोवर दिसेल नुसता."

"बंद कर म्हणतो ना."

तिने नाइलाजाने बंद केलं. तो पुढे झुकला, नाक पडद्याला टेकेल इतका, आणि एका ओळीवरून बोट नेऊ लागला. लाल, पिवळा, लाल, पिवळा. ढगाच्या कडेला पिवळे विरळ होत गेले होते, तिथे बोट अडखळलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. त्याने कितीतरी वेळ घेतला. ती बाजूला उभी होती, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी.

"हे सगळे तू एकेक करून बसवलेस?"

"मग? दुसरं कोण बसवणार?"

"आणि मी इतकी वर्षं नुसतं 'छान संध्याकाळ' म्हणत राहिलो," तो म्हणाला.

त्याने खुर्ची सरकवून तिला जागा केली.

"बस. यातला पहिला कुठला, ते दाखव."