संकासुर मीठ हातावर घेत नाही

दर शुक्रवारी जेवणं उरकली की हरिदास मरायचा. आखातातल्या एका इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या कॅम्पच्या मागे, बस लावायच्या मोकळ्या जागेत, त्याच्याबरोबर वेल्डर, फिटर असे आणखी काहीजण मरायचे आणि मग ही सगळी मढी ढोलाच्या तालावर कंबर हलवायची. तुम्ही म्हणाल, हा काय चावटपणा! चावटपणाच होता, पण त्यामागे हरिदासचा जीव अडकला होता.

हरिदास कंपनीची बस चालवायचा. गाव गुहागरकडचं. शिमग्यात तिकडे संकासुर नाचतो: काळा झगा, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. हे सोंग घेण्याचा मान पाळीपाळीने एकेका घराकडे जातो आणि यंदा तो हरिदासच्या घराकडे आला होता. तो गेला नाही, तर मान चुलतभाऊ निवृत्तीकडे जाणार. निवृत्ती नाचायला लागला की गावातली पोरं घाबरायच्या ऐवजी त्याला सावरायला धावतात. असल्या माणसाच्या अंगावर आपल्या आज्याचा पट्टा, या विचारानेच हरिदासला घास जाईना.

रजेचा अर्ज त्याने वेळेत दिला होता. एचआरचे हेमचंद्र साहेब पुण्याचे, मराठी माणूस, म्हणून जरा आशाही होती. साहेब म्हणाले, "हरिदास, शटडाऊनचं काम आहे, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. कोणालाच सोडत नाहीये. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला." या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही' असा असतो, हे आखातात राहिलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तेवढ्यात कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाची नोटीस लागली. नाचात जो गट पहिला येईल, त्याच्या म्होरक्याला हवी तेव्हा रजा. झालं! हरिदास थेट डेस्मंडकडे गेला. डेस्मंड सेफ्टी ऑफिसर, कॅरिबियन बेटांतल्या त्रिनिदादचा, दांडगा आणि हसरा. त्यांच्याकडेही शिमग्याच्याच सुमाराला कार्निव्हल असतो आणि रस्त्यावर सोका नावाच्या संगीतावर सगळं गाव नाचतं. हरिदासने त्याला संकासुराची चाल करून दाखवली, तेव्हा डेस्मंडने हेल्मेट काढून खाली ठेवलं. "ही कंबर तू कुठे शिकलास?" "शेतात," हरिदास म्हणाला.

गोष्टही डेस्मंडनेच दिली, त्याच्या आजीकडून ऐकलेली. मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि राबवतो. तो झोंबी मालक सांगेल ते करतो. त्याला आपलं नाव आठवत नाही, घर आठवत नाही. त्याला जेवायला द्यायचं, पण अळणी. चुकून मिठाचा कण जरी जिभेवर पडला, तरी तो जागा होतो, हातातलं काम टाकतो आणि सरळ घरची वाट धरतो. मग त्याला कोणी अडवू शकत नाही.

गोष्ट संपली. मग एक वेल्डर म्हणाला, "आपल्या मेसच्या डाळीतही मीठ नसतंच की," आणि मेसचा स्वयंपाकी संपत त्याच्या अंगावर धावून गेला.

नाच ठरला. डेस्मंड मांत्रिक. शेवटी तो हरिदासच्या तळहातावर मीठ ठेवणार, हरिदास ते चाटणार, जागा होणार आणि सगळ्या मढ्यांना घेऊन निघून जाणार. तालमीत मिठाऐवजी साखर होती, कारण साखर पोरांना आवडायची. चूक झाली ती इथे.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे संपतने देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ही मढी तुझीच लेकरां, पाय घसरू देऊ नको." तोंडाला पीठ फासलेली मढी म्हणाली, "व्हय महाराजा." मग डेस्मंडने मोठ्या कौतुकाने वाटी दाखवली. "आज खरं मीठ आणलंय."

हरिदास काही सांगायला गेला, पण तोवर पडदा उघडला होता.

नाच मात्र असा रंगला की हिशेबनीस बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. शेवट आला. डेस्मंडने वाटीतून मूठ भरली आणि पुढे केली. हरिदासने हात मागे घेतला. मीठ हातात घेतलं की देणाऱ्याघेणाऱ्याचं भांडण होतं, हे आईने त्याला चालायच्या आधी शिकवलेलं. आणि भांडायचं कोणाशी? ज्याने एवढं शिकवलं त्याच्याशी? तो नाचता नाचता डोळ्यांनी खुणा करू लागला, खाली ठेव, खाली ठेव. डेस्मंडला वाटलं, गडी रंगात आलाय. त्याने पुन्हा मूठ पुढे केली, हरिदास पुन्हा कंबर मोडून निसटला. मीठ नाही तर जागं कसं व्हायचं? मढी नाचतच राहिली. गाणं संपलं, वाजवणाऱ्याने परत लावलं. वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबणार कोण? एक फिटर कुजबुजला, "हरिदासभाऊ, खा की, मी खरोखर मरतोय."

पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून बसलेले हेमचंद्र साहेब बराच वेळ कपाळाला आठ्या घालून पाहत होते. मग ते उठले. त्यांनी डेस्मंडच्या हातची वाटी घेतली आणि रंगमंचाच्या कडेला ठेवून दिली. हातात नाही, खाली. त्यांच्याही आईने शिकवलेलं असणार.

हरिदासने चिमूट उचलून जिभेवर ठेवली, थांबला आणि चालू लागला. मागे सगळी मढी. सभागृहातून थेट बाहेर, बसमध्ये.

वेळ ओलांडली म्हणून गट बाद झाला. हे सांगायला साहेब स्वतः पार्किंगमध्ये आले. पीठ फासलेला हरिदास स्टिअरिंगसमोर बसून डोळे पुसत होता.

"कुठे निघालास?"

"घरी, साहेब. मीठ खाल्लं ना. आता थांबता येत नाही, अशी गोष्टच आहे." हे त्याने चेष्टेत म्हटलं, पण डोळे पुन्हा पुसले.

साहेब बसच्या पायरीवर बसले. "आणि मीठ ठेवलं मीच," ते म्हणाले. "उद्या अर्ज घेऊन ये."

त्या वर्षी गावाने संकासुराची अशी कंबर पाहिली, की निवृत्तीनेसुद्धा शिट्टी मारली. होळीनंतर एका दुपारी हरिदासने जेवता जेवता बायकोला, मुक्ताबाईला, सगळी गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"म्हणजे मीठ खाल्लं की माणूस उठून चालायला लागतो?"

"हो."

तिने ताटातलं मीठ उचललं आणि आत नेऊन ठेवलं. सुट्टीभर हरिदास अळणी आमटी जेवला आणि रोज म्हणाला, झकास झालीय.