पाचव्या माणसाचं काम

तात्याच्या बैठकीच्या खोलीत एक भिंत नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. तिच्यावर वरपासून खालपर्यंत प्रमाणपत्रं होती.

तात्या स्ट्रक्चरल इंजिनिअर. वय काही फार नव्हतं, पण डोक्यावरच्या केसांनी मुदतीआधीच राजीनामा दिल्यामुळे सगळा गाव त्याला तात्या म्हणायचा. इमारत उभी राहील की नाही हे ठरवणारा माणूस तो. असा परवाना टिकवायचा तर दरवर्षी ठरावीक तास परिसंवादात बसून नवं काही शिकावं लागतं. नियम चांगला आहे. माणसांनी त्याला वाकवलं एवढंच.

तात्या आणि त्याचे चार मित्र, असे पाच इंजिनिअर. पाचांची ऑफिसं पाच, पण परिसंवादाला जायचा एकच. ज्याचा नंबर असेल त्याने सकाळी लवकर जायचं, पाचांच्या सह्या ठोकायच्या, तिथे फुकट मिळणाऱ्या पाच बॅगा उचलायच्या, जेवायचं आणि मागच्या दाराने सटकायचं. सह्या वेगवेगळ्या दिसाव्यात म्हणून खिशात पाच पेनं ठेवायची. या योजनेचा जनक लंबू. हा पाचांतला सगळ्यांत बुटका. तो म्हणायचा, "यालाच म्हणतात भार वाटून घेणं. स्ट्रक्चरलचं मूलतत्त्व आहे हे!"

तात्याची बायको दातांची डॉक्टर. त्या सकाळी तिने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "आज विषय काय आहे?"

"कशाचा?"

"तू जातोयस त्याचा."

तात्याने आठवून बघितलं. "जेवणाआधीचा की नंतरचा?"

"वा! अरे, आम्हालाही असतात असले कार्यक्रम. मी बसते शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आ वासून माझ्यासमोर खुर्चीत पडणार असतं ना!"

"तुझं काम वेगळं. माझे खांब तोंड उघडत नाहीत."

"उघडले तर पळायचं कुठे ते ठरवून ठेव," ती म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

तेवढ्यात फोनवर फोटो आला. शाळेची नवी इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचा. तळमजल्याच्या खांबांचे सळयांचे पिंजरे तयार होते, दुपारी काँक्रीट ओतायचं होतं. साइटवर जाऊन बघायचं ते तात्याने कपातला शेवटचा घोट घेता घेता बघितलं आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला. शाळेच्या पोरांच्या डोक्यावर तीन मजले चढवायला त्या दिवशी एक अंगठा पुरला.

परिसंवाद नेहमीच्या सभागृहात नव्हता, इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तात्या सगळ्यांत आधी पोचला, त्यामुळे यादीतल्या पहिल्या पाच सह्या त्याच्याच पाच पेनांच्या. मग आत डोकावला आणि जागीच थांबला. समोर दोन मजले उंच, पिवळ्या रंगाचं एक दाबयंत्र उभं होतं. त्याच्या शेजारी छातीएवढ्या उंचीचे काँक्रीटचे दोन खांब. दोन्ही अगदी सारखे, जुळ्या भावांसारखे आणि तितकेच निर्विकार.

व्याख्यात्या बाई सत्तरीच्या असाव्यात. पायात खेळाचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी ती जोरात फुंकली आणि मागच्या दाराकडे निघालेले तिघे गृहस्थ आपण जणू खिडकीच बघायला उठलो होतो अशा थाटात परत बसले.

"आज भाषण नाही," बाई म्हणाल्या. "आज हे दोघे बोलतील. मला मदतीला पाचजण हवेत. यादीतली पहिली पाच नावं वाचते, त्यांनी पुढे यावं."

त्यांनी पाच नावं वाचली.

तात्या उभा राहिला, कारण त्यातलं एक नाव खरोखर त्याचं होतं. बाकीची चार नावं प्रयोगशाळेत थोडा वेळ फिरली आणि त्याच्याच अंगावर येऊन बसली.

"आणि तुमचे चौघे?" बाईंनी विचारलं.

"येताहेत," तात्या म्हणाला.

"येईपर्यंत त्यांचं काम तुम्हीच करा. पहिल्याने यंत्राच्या काट्याकडे बघून भार मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने तो फळ्यावर लिहायचा. तिसऱ्याने खांबावर तडा दिसला की त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची, पण मी शिट्टी वाजवली की मागे पळायचं. चौथ्याने जाड पारदर्शक पडदा ओढायचा."

"आणि पाचव्याने?"

"पाचव्याचं काम सगळ्यांत अवघड. त्याने नुसतं बघायचं. डोळे मिटायचे नाहीत."

पहिला खांब यंत्रात गेला. भार वाढू लागला. तात्या काट्याकडे धावला, आकडा ओरडला, फळ्याकडे धावला, आकडा लिहिला, खडू घेऊन खांबाकडे धावला, परत काट्याकडे. तो आकडा ओरडायचा फळ्याकडे तोंड करून आणि लिहायचा खडू लागलेल्या बोटाने स्वतःच्या शर्टावर. लोक हसू लागले. "चौघे फार शांत आहेत हं तुमचे," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती.

मग खांबावर केसाएवढा तडा उमटला. तात्याने त्याच्या कडेने रेघ मारली. रेघ संपायच्या आत तडा तिच्या पुढे गेला होता. तात्याने पुन्हा मारली, तो पुन्हा पुढे. त्याने असंख्य खांब कागदावर काढले होते, पण खांब असा समोर चालताना कधी पाहिला नव्हता. काँक्रीटच्या आतून बारीक कुरकुर येऊ लागली, जुन्या पलंगावर कुणीतरी कूस बदलावी तशी.

शिट्टी वाजली. तात्या मागे पळाला, पडदा ओढला, वळला आणि पाचव्याचं काम करू लागला.

आधी खांबाची साल सुटली. सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट खवल्यांसारखं गळून पडलं. आतला पिंजरा दिसला. उभ्या सळयांना कवेत धरून बसलेल्या आडव्या रिंगा दिसल्या. त्या रिंगांची टोकं काटकोनात वळवून नुसती बाजूला टेकवलेली होती. साल होती तोवर तिने ती टोकं दाबून धरली होती. साल गेली, आणि तात्याच्या डोळ्यांसमोर एकेक टोक सरळ होऊन उघडलं. निवांत, एखाद्याने शर्टाची गुंडी काढावी तसं. उभ्या सळया बाहेर फुगल्या.

धडाम!

प्रयोगशाळेच्या खिडक्या थरथरल्या. धूळ खाली बसली तेव्हा खांबाच्या जागी खडी होती.

मागच्या दाराकडे निघालेल्या तिघांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"दुसरा," बाई म्हणाल्या.

दुसरा खांब यंत्रात गेला. त्याच भाराला त्याचीही साल गळली. याच्या रिंगांची टोकंही दिसली. ती काटकोनाच्या पुढे, आतल्या बाजूला वाकवून काँक्रीटच्या पोटात रुतवलेली होती. भार वाढला. टोकं उघडली नाहीत. खांब फुगला, वाकला, जड ओझ्याखाली हमाल बसतो तसा सावकाश खाली बसू लागला. आता पडेल! आता पडेल! पण तो पडेना. अंगावर कातडी नाही, कमरेत वाक आलेला, आणि तरी डोक्यावरचा भार धरून उभा! यंत्र गुरगुरत राहिलं, खांब धरून राहिला. मागच्या रांगेतले लोक नकळत उभे राहिले होते. तात्याच्या हातातला खडू कधी पडला ते त्याला कळलं नाही. देवळात न जाणारा माणूस तो, पण त्याचे हात आपोआप एकमेकांत गुंतले.

बाईंनी यंत्र थांबवलं. "पहिला खांब शेवटपर्यंत ताठ होता, म्हणून भूकंपात आतली माणसं आतच राहिली असती. हा वाकला, कुरकुरला, त्याने पळायला वेळ दिला. सिमेंट तेच. सळई तेवढीच. फरक फक्त टोकाच्या वळणाचा. वीतभर लोखंडसुद्धा जास्त लागत नाही." मग त्या तात्याकडे वळल्या. "पाचव्या साहेबांनी काय पाहिलं?"

तात्याने खिशातून फोन काढला, सकाळचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. शाळेचे पिंजरे. ओळीने उभ्या रिंगा. सगळी टोकं काटकोनात, नुसती टेकवलेली.

ठेकेदाराची चूक नव्हती. त्याने ड्रॉइंगबरहुकूम केलं होतं. आणि ते ड्रॉइंग तात्याचं. तात्याचं तरी कसलं? कधीकाळी लंबूने कुठूनसं उतरवलेलं एक जुनं ड्रॉइंग, जे पाचही ऑफिसं डोळे झाकून प्रत्येक इमारतीला चिकटवत आली होती.

"मॅडम," तो अडखळत म्हणाला, "हा वळणाचा विषय याआधी कधी झाला होता का हो परिसंवादात?"

"दरवर्षी होतो. मीच घेते."

"आम्ही पाचही जण दरवर्षी हजर असतो."

"असता ना. पाच वेगळ्या शाया, आणि पाचही सह्यांखाली एकच फरपटलेली रेघ." बाईंचा आवाज चढला नाही. "एकाला पाठवता, हे मी समजून घेतलं असतं. त्याने शिकून चौघांना सांगितलं असतं! पण तुमचा जो येतो तोही येत नाही. लबाडी माझ्याशी केलीत तर मी म्हातारी बाई, काय करणार आहे? पण हा खांब बघा. याला प्रमाणपत्र दाखवून बघा, थांबतो का."

तात्या जेवणासाठी थांबला नाही. मागच्या दारानेच पळाला, पण या खेपेला शाळेकडे. वाटेत त्याने ठेकेदाराला फोन लावला.

"काँक्रीट थांबवा!"

"साहेब, गाड्या गेटवर उभ्यात! सकाळी अंगठा दिलात की!"

"अंगठा परत घेतला."

"असा परत घेता येतो होय? आणि गाडीतलं काँक्रीट काय मी खाऊ आता?"

"कुंपणाच्या पायात घाला, वाटेल तिथे घाला. खांबात एक घमेलं पडता कामा नये."

तो पोचला तेव्हा पहिल्या खांबाच्या साच्यावर पाइप धरून माणूस उभा होता. तात्या साच्याला पाठ लावून आडवा उभा राहिला. ठेकेदार तणतणत आला. तात्याने त्याला पिंजऱ्याजवळ नेलं आणि काय पाहिलं ते सगळं सांगितलं. साल कशी गेली, टोकं कशी उघडली, दुसरा कसा धरून राहिला. सांगता सांगता त्याचे हात खांबासारखे वाकत होते.

ठेकेदार डोकं खाजवत म्हणाला, "पण साहेब, एकदा काँक्रीट ओतलं की आतलं वळण कुणाला दिसणार आहे?"

"कुणालाच नाही," तात्या म्हणाला. "म्हणूनच आत्ता बघायचं!"

ठेकेदाराने गाड्या कुंपणाकडे वळवल्या आणि सळया वाकवणाऱ्यांना हाक मारली. कामाचा खोळंबा झाला, शिव्याही झाल्या. तात्याने ते सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं. त्याने लंबूला फोन केला.

"कार्यक्रम संपला? बॅग कशी आहे?" लंबूने विचारलं.

"लंबू, आपलं खांबाचं ड्रॉइंग चूक आहे. पहिल्या दिवसापासून."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "किती इमारती झाल्या रे आपल्या?"

"तेच मोजायचंय. उद्या पाचही जण बाईंकडे जाऊ. उभ्या खांबांना बाहेरून पोलादाचं जाकीट घालता येतं म्हणतात. ते कसं, हे बसून शिकू."

"लोकांना काय सांगायचं?"

"जे खरं आहे ते."

ऊन उतरलं तशी साइटवर टोकं आत वळवण्याची कट कट सुरू झाली. तात्या प्रत्येक खांबाजवळ वाकून बघत होता. त्याला त्या आवाजात काहीतरी अजब वाटत होतं. लोखंडाला एवढंसं वळण, आणि त्यावर पोरांचे वर्ग, फळे, डबे, गलका, सगळं उभं! तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"दवाखान्यातून निघतेय. तू कुठे आहेस?"

त्याने सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "अरे, आपण राहतो ती इमारतही तूच केलीस ना?"

"हो."

"त्याच ड्रॉइंगवरून?"

तात्याने समोरच्या पिंजऱ्याची सळई घट्ट धरली. "हो. आज रात्रीच सोसायटीच्या लोकांना बोलावतोय. पहिली तपासणी आपलीच."

"मी खुर्च्या मांडते," ती म्हणाली.

मित्रहो, इंजिनिअर असा, डॉक्टर असा, मास्तर असा, आपल्याला वाटतं शिकायला गेलो नाही तर बुडतो तो आपलाच एक दिवस. तसं नाही! आपण न ऐकलेली गोष्ट कुणाच्यातरी डोक्यावरच्या छपरात जाऊन बसते आणि वाट बघत राहते. परिसंवादाला आपल्या बदली दुसऱ्याला पाठवता येतं. पण ज्या दिवशी जमीन हलेल, त्या दिवशी खांबाखाली जो असेल त्याला बदली मिळत नाही. म्हणून जिथे शिकायचं असेल तिथे स्वतः जा, शेवटपर्यंत बसा आणि डोळे उघडे ठेवा!