घड्या घालतानाचं गाणं

बागेत लोकगीतांचा फुकट कार्यक्रम होता. धाकटी आली ती ताईची चाकांची खुर्ची ढकलत. ताईला जरा मोकळी हवा मिळावी, एवढंच मनात. दोघींची पंचाहत्तरी उलटलेली. अर्धांगाचा झटका आल्यापासून ताईची वाचा गेली होती. कारंज्याजवळ सावली बघून धाकटीने खुर्ची लावली, तेवढ्यात स्टेजवर नवं गाणं सुरू झालं.

"टोक धर गं, ताण दे, साहेब गेला, हसून घे..."

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे तर ताईचं! इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या, तेव्हा ताईने रचलेलं. टोकं जुळवायला दोघी जवळ आल्या की ताई ओळ मध्येच तोडायची, मुकादमिणीसारखं नाक मुरडायची आणि मागे सरत पुढची ओळ उचलायची. नोकरी सोडून गेलेल्या बायकांनी ते गाणं कुठकुठे नेलं, देव जाणे.

"पारंपरिक गीत, कर्ता अज्ञात," निवेदक म्हणाला.

"अज्ञात? ही काय इथे बसलीय!"

ताईने चांगल्या हाताने तिला ढोसलं, पुन्हा ढोसलं. जा, सांग.

धाकटी लगबगीने गेली. पण तिची खोड अशी, की काहीही सांगायचं तर अगदी मुळापासून. ताई पूर्वी म्हणायची, "तुझ्या गोष्टीतला माणूस जन्माला येईपर्यंत ऐकणारा म्हातारा होतो."

"बाळा, हे गाणं आमचं बरं का," तिने निवेदकाला गाठलं. "त्याचं असं झालं, तेव्हा धुलाईखान्यात यंत्रं नव्हती. मुकादमीण तर अशी खाष्ट..."

"तुमचं? काय सांगता, आजी!" त्याने हाताला धरून तिला स्टेजवर चढवलंसुद्धा. "मंडळी, अज्ञात कर्ता सापडला! हे गाणं रचणाऱ्या आजी आपल्यात आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अरे, मी नव्हे, ती!" धाकटी ओरडली, पण माइक त्याच्या हातात. तिने कारंज्याकडे हात केला. लोकांना वाटलं, आजी हात हलवतायत, त्यांनीही हलवले.

"आजी लाजल्या!" निवेदक म्हणाला. वादकांनी तिच्या मानार्थ तेच गाणं पुन्हा धरलं. तिने त्याची बाही ओढली.

"नंतर हं, आजी, नंतर बोलू."

कुणीतरी तिच्या हातात फुलं दिली आणि पायऱ्या उतरवून दिल्या. वाटेत माणसं उठून तिला नमस्कार करत होती. "ते गाणं माझं नाही हो," ती प्रत्येकाला म्हणत होती, आणि प्रत्येक जण म्हणत होता, "किती साध्या आहात!"

तिने फुलं ताईच्या मांडीवर ठेवली. ताईने ती उचलली नाहीत, खाली टाकलीही नाहीत.

"मी तुझंच नाव सांगायला गेले होते गं. रागावलीस?"

ताईच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पण ते आजारपणापासून रोजचंच. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.