काझिजाच्या होडीतला दगड

काझिजा गेल्याचं कळलं तेव्हा मी होडीत कोरडा पडलो होतो. तिचा नवरा वुआई गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होता. शहरातल्या इस्पितळात तिच्यासाठी ताजा मासा न्यायचा होता. त्याची थोरली बहीण बिमोसी ओहोटीचा चिखल तुडवत आली.

"राहू दे, वुआई. आता मासा नको," ती म्हणाली.

वुआईने दोरी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि गुंता सोडवत बसला.

मित्रांनो, मी त्या होडीचा जुना नांगर आहे. लोखंडाचा नव्हे, पोवळ्याच्या खडकाचा. उपसागराकाठच्या आमच्या च्वाका गावात विहीर खणताना मी वर आलो. काझिजाने मला उचलून वजन पाहिलं, पहारीने भोक पाडून घेतलं आणि त्यात सुंभ ओवला. नाहीतर मी एखाद्या भिंतीत गेलो असतो. तिच्यामुळे मला समुद्राचा तळ दिसला. वाळू, पाणगवत, खडकाची कड, सगळीकडे मी पडून आलो.

उपसागरात मासा एका जागी राहत नाही. भरतीबरोबर आत येतो, ओहोटीबरोबर बाहेर जातो. जागा कधी सोडायची हे काझिजाला बरोबर कळायचं. आमिष जसंच्या तसं वर आलं तर ती जरा थांबायची. कुरतडलेलं आलं तर समजायची, मोठे गेले, आता बारकेच उरले. शिवाय तिचं एक बोट कायम माझ्या सुंभावर असायचं. सुंभ ताठ असेल तर पाणी वाहतंय. सैल पडला की पाणी थांबलं, माशाचं खाणंही थांबलं. मग ती कुणाला विचारत बसायची नाही.

वुआईचा मात्र पाय निघत नसे.

"अजून एकच, सुबिराची आई."

"मासे कधीच गेले, सुबिराचे बाबा! तुम्ही काय इथे घरजावई होऊन राहणार?"

असं म्हणत ती मला वर ओढायची आणि माझ्यावरचं गवत हाताने पुसायची. दगडाला कोण पुसतं? तिने पुसलं. मी तिचा ऋणी आहे.

ती गेल्यावर वुआई रोज एकाच जागी जाऊ लागला. ती शेवटची जिथे गळ टाकून बसली होती तिथे. मला खाली सोडायचा आणि उचलायचाच नाही. पाणी ओसरून होडी चिखलात बसायची. उथळ पाण्यातल्या शेवाळाच्या शेतातून परतणाऱ्या बायका ओरडायच्या, "वुआई, होडीला मुळं फुटली काय रे?" घरी त्याची मुलगी सुबिरा आपल्या पोरांना माशाविना नुसती उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वाढायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, असंच चालणार असेल तर होडी देऊन टाकू कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी बिमोसी होडीत चढून बसली. मासेमारीतलं तिला काही कळत नव्हतं. बराच वेळ ती पाय मुडपून बसली. मग कण्हली.

"पायाला मुंग्या आल्या बाई. हलव की आता!"

"थांब ताई, अजून पाणी..." वुआई बोलता बोलता थांबला. पाणी वाहतंय का, हे पाहायला त्याचं बोट आपोआप सुंभावर गेलं होतं. सुंभ सैल होता. त्याने बोट तसंच ठेवलं. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने मला वर ओढलं.

पलीकडे पाणगवतावर आम्ही थांबलो तेव्हा पाणी पुन्हा वाहू लागलं होतं. पहिलाच चांगू मासा एवढा मोठा निघाला की बिमोसी किंचाळून पाय वर घेऊन बसली. वुआई हसला. सुबिराने होडी देण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी दुःखात एकाच जागी बसून राहिलं असेल, तर काठावरून ओरडू नका. त्याच्या होडीत जाऊन बसा. मासेमारी येत नसली तरी चालेल.

आता आम्ही रोज जागा बदलतो. फक्त खारफुटीमागची एक चिंचोळी खाडी, जिथे काझिजाला एकदा जायचं होतं पण राहून गेलं, तिथे तिच्याशिवाय आम्ही अजून गेलेलो नाही.