वकीलसाहेबांचं घर

मारवाडातून मामाचं बोट धरून आलेला हुकमचंद उर्दू शिकला, वकील झाला आणि वाटूर-टेंभुर्णीच्या कुळांची बाजू कोर्टात मांडता मांडता पन्नाशीला गावच्या बल्दियाचा सदर झाला. परमुलखातला माणूस नगरपालिकेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला याचं गावाला कौतुक होतं.

त्याच हिवाळ्यात प्लेग आला. हुकमचंदनं हुकूम काढला, ज्या घरात उंदीर मरेल ते घर त्याच दिवशी रिकामं करायचं आणि माळावरच्या झोपड्यांत जायचं. लोक ऐकेनात, तेव्हा तो स्वतः शिपाई घेऊन दारोदार फिरला.

विणकरांच्या आळीत कडूबानं हात जोडले. त्याच्या सुनेचे, सगुणाबाईचे, दिवस भरत आले होते.

"वकीलसाहेब, चार दिस थांबा. पोरगी मोकळी होऊ द्या, मंग जातो."

"कायदा सगळ्यांना बराबर आहे, कडूबा."

दाराला कुलूप लागलं. सगुणाबाई माळावर, उघड्या वाऱ्यात बाळंत झाली. मूल दुसऱ्या दिवशी गारठून गेलं.

आठवड्यानं हुकमचंदच्याच न्हाणीत मेलेला उंदीर सापडला. त्याची लेक भंवरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बायकोनं, भगवतीदेवीनं, उंदीर परसात जाळून टाकला आणि नवऱ्याचे पाय धरले.

"चार दिन रुक जाओ जी. छोरी की हालत तो देखो."

हुकमचंदनं घराला कुलूप लावलं नाही. तोंडावर पाणी मारून तो कचेरीत गेला.

तिसऱ्या दिवशी भंवरीच्या काखेत गाठ आली. पोटातल्या जिवासकट ती गेली. भिंतीला भिंत लागून राहणारी गोजरबाई गेली, तिचे दोन नातूही गेले.

लेकीला अग्नी देऊन हुकमचंद तसाच ओल्या धोतरानं माळावर कडूबाच्या झोपडीशी गेला.

"माझ्या घरात उंदीर मेल्ता. मी लपवला."

कडूबा झोपडीच्या दारात आडवा उभा राहिला. आत सगुणाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"मंग मला कशाला सांगून राह्यले?"

"तुला सांगायलाच पाहिजे होतं."

"सांगितलं न्हाई का? जा आता."

हुकमचंदनं सगळा गुन्हा लिहून वर पाठवला, राजीनामा दिला, शिक्षा मागितली. महिन्यानं उत्तर आलं: सदरसाहेब शोकात आहेत, प्लेगमधली त्यांची कामगिरी उत्तम आहे, राजीनामा नामंजूर.

पुढं सहा वर्षं तो सदर राहिला. गटारं बांधली, दवाखाना आणला. विणकरांच्या आळीतून जाताना टांग्यातून उतरायचा आणि ओट्यावरच्या प्रत्येकाला रामराम घालायचा. माग चालू राहायचे. मान कुणी वर करत नसे.